अवज्ञेचे निदान : एका व्याख्येची पाठचिकित्सा

१

बालमानसशास्त्राच्या परिभाषेत गेल्या चार-साडेचार दशकांत ज्या नव्या संज्ञा रूढ झाल्या, त्यांत ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ ही संज्ञा विशेष विचार करण्याजोगी आहे. मराठीत तिला ‘विरोधी-अवज्ञाकारी वर्तनविकृती’ असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘अवज्ञा-विकृती’ एवढाच शब्द योजला आहे. मूल वारंवार संतापते, मोठ्या माणसांशी हुज्जत घालते, सांगितलेले मुद्दाम मोडते, दुसऱ्याला जाणूनबुजून डिवचते, स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलते, आणि हे सारे त्याच्या वयाच्या मानाने फार होते, अशा वेळी या संज्ञेचा आधार घेतला जातो. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत या विकृतीचे प्रमाण सरासरी सुमारे ३.३ टक्के दिले आहे. परंतु निरनिराळ्या पाहण्यांतील आकडे १ टक्क्यापासून ११ टक्क्यांपर्यंत पसरलेले असल्याचेही तेथेच नमूद आहे.

ज्या विकृतीचे प्रमाण पाहणीगणिक अकरापटीपर्यंत बदलू शकते, तिच्या व्याख्येकडे, साहित्याचा अभ्यासक एखाद्या पाठाकडे ज्या बारकाईने पाहतो त्या बारकाईने पाहिले, तर ते अस्थानी ठरू नये. निदानाची व्याख्या हीदेखील एक रचनाच होय. तिला कर्ता असतो, क्रियापद असते, काही शब्द तिच्यात येतात आणि काही हेतुतः वगळले जातात. मात्र इतर रचनांहून तिचा प्रभाव अधिक प्रत्यक्ष असतो. तिच्यातील एखादा शब्द बदलला, तर शाळेच्या दप्तरी आणि दवाखान्याच्या कागदावर एखाद्या मुलाचे वर्णन बदलते. आणि वर्णन बदलले म्हणजे त्या मुलाशी मोठी माणसे कसे वागतील तेही बदलते.

या लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे आहे : अवज्ञा-विकृतीच्या व्याख्येतील प्रत्येक वाक्याचा कर्ता एकटे मूल आहे, परंतु ती वाक्ये ज्या प्रसंगांचे वर्णन करतात त्या प्रत्येक प्रसंगात निदान दोन माणसे उपस्थित असतात. उपचारशास्त्राने या दुसऱ्या माणसाची दखल पूर्वीच घेतली आहे. व्याख्येने ती अद्याप पुरेशी घेतलेली नाही. ही तफावत केवळ व्याकरणाची नाही. मुलाला समजून घेण्याचे आपले सारे काम तिच्यापाशी अडते.

२

प्रथम पाठभेद पाहू. या विकृतीला निदानपुस्तिकेत स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. त्या वेळी नाव होते केवळ ‘विरोधाची विकृती’. ‘अवज्ञा’ हा शब्द त्यात नव्हता. लक्षणे पाच होती : किरकोळ नियमांचे उल्लंघन, संतापाचे झटके, वाद घालणे, चिथावणी देणे आणि हट्टीपणा. यांपैकी दोन लक्षणे सहा महिने आढळली म्हणजे निदान पुरे होत असे. कोणत्याही घरातील चार वर्षांच्या मुलाकडे पाहिले तरी ही अट किती सैल होती हे ध्यानात येईल.

१९८७ सालच्या सुधारित आवृत्तीत नावात ‘अवज्ञा’ आली, लक्षणे नऊ झाली आणि निदानासाठी पाचांची अट घालण्यात आली. ‘हट्टीपणा’ गळाला, त्याऐवजी शिव्या देणे, असभ्य बोलणे यांस स्थान मिळाले. १९९४ सालच्या चौथ्या आवृत्तीत शिव्यांचे लक्षण काढून टाकण्यात आले, लक्षणे आठ उरली आणि चारांची अट आली. २०१३ साली ती आठच लक्षणे राहिली, पण त्यांचे तीन गट पाडण्यात आले. चिडका व रागीट भाव हा पहिला गट; वाद व अवज्ञा हा दुसरा; सूडबुद्धी हा तिसरा. त्याचबरोबर वारंवारतेचा काटा बसविण्यात आला. पाच वर्षांखालील मुलात हे वर्तन सहा महिन्यांतील बहुतेक दिवशी दिसले पाहिजे, त्यापुढील वयात आठवड्यातून निदान एकदा. सूडबुद्धीच्या बाबतीत मात्र सहा महिन्यांत दोन वेळा पुरे.

अवघ्या तेहतीस वर्षांत एका पाठाची अशी चार रूपे झाली. यावरून ही संज्ञा कपोलकल्पित आहे असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल; सुधारणा होत जाणे हे शास्त्राचे लक्षणच आहे. तथापि जे शब्द गळाले त्यांची जात पाहण्यासारखी आहे. हट्ट आणि शिवी ही दोन्ही लक्षणे घराघरांत, वस्तीवस्तीत वेगळ्या मापाने मोजली जातात. एका घरी जो शब्द जेवताना सहज उच्चारला जातो, तोच दुसऱ्या घरी थप्पड खाण्यास पुरेसा असतो. मोजणाऱ्याच्या सवयीवर सर्वांत अधिक अवलंबून असलेली ही दोन लक्षणे संपादकांनी वगळली, हे योग्यच झाले. प्रश्न असा की, उरलेली आठ लक्षणे त्या दोषातून मुक्त आहेत काय?

३

त्या आठांपैकी बहुतेक वाक्यांच्या आरंभी ‘वारंवार’ या अर्थाचा शब्द येतो. वारंवार म्हणजे किती, हे २०१३ नंतर बऱ्याच अंशी ठरले आहे. परंतु मोजतो कोण, हे ठरलेले नाही. लहान मुलाच्या बाबतीत माहिती देणारा बहुधा त्याचा पालक किंवा शिक्षक असतो. म्हणजे ज्याच्याशी हुज्जत घातली जाते तोच हुज्जतीची मोजणी करतो. न्यायाच्या कोणत्याही पद्धतीत फिर्यादी आणि पंच एकच असणे गैर मानले जाते. येथे ती गोष्ट नाइलाजाची आहे, कारण मुलाच्या सहवासात दिवसभर दुसरे कोणी नसते. पण नाइलाजाची गोष्ट निदान ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसरे असे की, ‘आज्ञा मोडतो’ या वाक्यात आज्ञेविषयी एक अक्षरही नाही. आज्ञा कोणती, किती वेळा, कोणत्या स्वरात आणि कोणत्या क्षणी दिली गेली; ती पाळण्याजोगी होती की नव्हती; मागील आज्ञा पाळल्यावर मुलाच्या वाट्याला काय आले, यांपैकी काहीच व्याख्येत येत नाही. ‘सहज चिडतो’ या लक्षणात चिडण्याचे निमित्त नाही. ‘दुसऱ्यावर दोष ढकलतो’ येथे दोष कबूल केल्यास काय होते, त्याचा उल्लेख नाही. आणि ज्या घरी कबुलीनंतर मार ठरलेला आहे, त्या घरी दोष ढकलणे हा विकृतीचा नव्हे तर हिशेबी शहाणपणाचा पुरावा ठरू शकेल. व्याख्येने एक दक्षता मात्र घेतली आहे : हे वर्तन भावंडाखेरीज दुसऱ्या निदान एका व्यक्तीशी व्हावयास हवे. भावाबहिणींची भांडणे ही नात्याची गोष्ट आहे, विकृतीची नव्हे, हे तिला मान्य आहे. मग आई, वडील व शिक्षक यांच्याशी होणारे भांडणही नात्याचीच गोष्ट असू शकेल, ही पुढची पायरी तिने का चढू नये?

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. मनोविकाराच्या निदानासाठी रुग्णाला क्लेश होणे किंवा त्याच्या कामात अडथळा येणे ही अट सामान्यतः असते. अवज्ञा-विकृतीत २०१३ पासून ही अट रुग्णाच्या क्लेशाने पूर्ण होते, किंवा त्याच्या निकटच्या माणसांच्या क्लेशानेही. म्हणजे मुलाला काही टोचत नसेल, पण घरच्यांना टोचत असेल, तरी ही अट पुरी होते. यामागील हेतू समजण्यासारखा आहे. अशी मुले पुष्कळदा स्वतःचा त्रास कबूल करीत नाहीत. पण हे वाक्य मान्य केल्यावर व्याख्येने नकळत एक कबुलीही दिली आहे : विकाराचे स्थान केवळ मुलाच्या अंतरंगात नाही, ते माणसामाणसांमधील जागेत आहे.

चौथा मुद्दा तीव्रतेच्या मापाचा. लक्षणे एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ केवळ घरी किंवा केवळ शाळेत, दिसत असतील तर विकृती सौम्य. दोन ठिकाणी दिसल्यास मध्यम. तीन वा अधिक ठिकाणी दिसल्यास तीव्र. या मापाला संशोधनाचा आधार आहे, कारण जे वर्तन सर्वत्र दिसते ते पुढील आयुष्यातही टिकण्याचा संभव अधिक. परंतु जे मूल घरी शांत असते आणि केवळ शाळेत, त्यातही एकाच तासाला, बिथरते, त्याला ‘सौम्य विकृती’ म्हणण्यापूर्वी त्या तासाला जाऊन बसणे अगत्याचे आहे. ‘सौम्य’ हे विशेषण येथे आजाराचे माप सांगते. खरा प्रश्न मात्र ठिकाणाचा असू शकतो.

४

हा दुसरा माणूस प्रथम सूक्ष्मपणे पाहिला तो अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात काम करणाऱ्या जेराल्ड पॅटरसन यांनी. पॅटरसन व त्यांचे सहकारी आक्रमक मुलांच्या घरी जाऊन बसत आणि आईचे बोलणे, मुलाचे उत्तर, त्यावर आईची प्रतिक्रिया असा क्रम क्षणाक्षणाने टिपून ठेवीत. या दीर्घ निरीक्षणाचे सार त्यांच्या १९८२ सालच्या ‘कोअर्सिव्ह फॅमिली प्रोसेस’ या ग्रंथात आले आहे. मराठीत या प्रक्रियेला ‘जबरीचे चक्र’ म्हणता येईल.

हे चक्र आपल्याकडील कोणत्याही घरात पाहावयास मिळते. संध्याकाळी आई म्हणते, “मोबाइल ठेव आणि अभ्यासाला बस.” मूल ऐकल्यासारखे करीत नाही. ती पुन्हा सांगते, आवाज चढवून. मूल ओरडते, वस्तू आपटते. शेजारी ऐकतील म्हणून, किंवा गॅसवर भाजी आहे म्हणून, किंवा दिवसभराच्या कामाने ती थकली आहे म्हणून आई म्हणते, “कर मग तुला काय करायचे ते!” त्या क्षणी दोन गोष्टी घडतात. मुलाला नकोशी असलेली आज्ञा ओरडल्याने नाहीशी झाली, असा धडा मूल घेते. आईला नकोसा असलेला आरडाओरडा माघार घेतल्याने थांबला, असा धडा आई घेते. दोघांनाही तत्काळ सुटका मिळाली आणि दोघांचीही सवय पक्की झाली. कधी याच्या उलट घडते : आई चापट मारते, मूल गप्प बसते, आणि मारल्याने प्रश्न सुटतो हे आईला पटते, उद्या चापटीचा जोर वाढवावा लागतो. मूल आईला शिकवीत असते आणि आई मुलाला. या शाळेत दोघेही शिक्षक आहेत आणि दोघेही विद्यार्थी.

या सिद्धान्ताचे महत्त्व असे की, त्याने आज्ञेला पुन्हा दृश्यात आणून बसविले. त्यावर आधारलेले उपचारही त्यास अनुरूप आहेत. १९७० नंतरच्या दशकात शीला आयबर्ग यांनी विकसित केलेल्या पद्धतीत मूल आणि पालक एका खोलीत खेळतात, उपचारक एकतर्फी काचेमागे बसतो आणि पालकाच्या कानातील यंत्रातून त्याला सूचना देतो. पहिल्या टप्प्यात पालकाने हुकूम न सोडता, प्रश्न न विचारता मुलाच्या खेळामागून जावयाचे आणि चांगल्या वागण्याची दखल शब्दांनी घ्यावयाची. दुसऱ्या टप्प्यात मोजक्या, स्पष्ट आणि पाळता येण्याजोग्या सूचना देण्यास शिकावयाचे. इंग्लंडमधील नाइस या संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनातही तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी पालक-प्रशिक्षणाच्या गटांची शिफारस आहे आणि केवळ अवज्ञेसाठी नित्याचा उपाय म्हणून औषधे देऊ नयेत असे सांगितले आहे.

म्हणजे स्थिती अशी झाली : निदान लिहावयाचे मुलाच्या नावे, उपचार करावयाचा पालकाच्या वागणुकीवर. डोळा एकाचा तपासावा आणि चष्मा दुसऱ्याला द्यावा, असे दुसऱ्या कोणत्या आजारात होते? या विसंगतीत उपचारशास्त्राचा दोष नाही. उपचार सत्याच्या अधिक जवळ आहे. व्याख्याच मागे राहिली आहे.

५

येथे एका सोप्या चुकीपासून सावध राहिले पाहिजे. मुलाच्या माथ्यावरील दोष काढून तो आईच्या माथ्यावर ठेवला, म्हणजे मुलाला समजून घेतले असे होत नाही. काही मुले जन्मतःच अधिक तापट, अधिक संवेदनशील असतात. एकाच आईच्या हाताखाली वाढलेली दोन भावंडे अगदी निराळी निपजतात, हे कोणाही पालकास ठाऊक आहे. जबरीच्या चक्रात तापट मूल जसे आईला ओढते, तसे दारिद्र्य, नैराश्य, घरातील कलह आणि अपुरी झोपही तिला ओढतात. पॅटरसन यांच्या परंपरेनेही ही बाह्य कारणे मानली आहेत. मात्र तिच्या प्रत्यक्ष निरीक्षणात मुख्यतः आईच दिसते आणि बाप बहुधा कामावर असतो, ही तिची मर्यादा मान्य करावी लागेल. आपल्याकडील एकत्र कुटुंबात तर आज्ञा देणारे चौघे आणि ती मोडू देणारी आजी असा गुंता असतो. तो सोडविण्यास दोघांचे गणित अपुरे पडते.

दुसरी चूक उलट दिशेची. व्याख्या सदोष आहे म्हणून विकारच नाही, असे म्हणणे. २००९ साली स्ट्रिंगॅरिस आणि गुडमन यांनी या लक्षणांचे चिडकेपणा, हेकटपणा आणि दुखावण्याची वृत्ती असे तीन पदर वेगळे केले. चिडकेपणाचा संबंध नैराश्य आणि चिंता यांच्याशी, हेकटपणाचा अवधान-न्यूनता व अतिचंचलता या विकाराशी, आणि दुखावण्याच्या वृत्तीचा अधिक आक्रमक व भावनाशून्य वर्तनाशी निकट असल्याचे त्यांत दिसले. २०१३ च्या आवृत्तीतील तीन गट या दिशेच्या संशोधनाशी जुळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यातही अवज्ञा-विकृतीचे ‘सततच्या चिडकेपणासह’ आणि ‘त्याविना’ असे भेद केले आहेत. याचा अर्थ फार मोठा आहे. ज्या मुलाला सगळे ‘उद्धट’ म्हणतात, ते पुष्कळदा दुःखी मूल असते. त्याच्या रागाखालचे दुःख ओळखले गेले नाही, तर ते दुःख तारुण्यात दुसऱ्या रूपाने वर येते. ज्याला ही मदत हवी आहे त्याला ‘सगळी मुले अशीच असतात’ म्हणून परत पाठविणे, हेही अज्ञानच.

त्याआधीच अवज्ञेकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी पुढे आली होती. रॉस ग्रीन यांनी १९९८ च्या ‘द एक्स्प्लोसिव्ह चाइल्ड’ या पुस्तकात असे मांडले की, मूल नीट वागत नाही ते बहुधा त्याला तसे वागावयाचे नसते म्हणून नव्हे, तर त्या प्रसंगी लागणारे कौशल्य त्याच्यापाशी नसते म्हणून. बेत अचानक बदलला असता स्वतःला सावरणे, निराशा सोसणे, मनातले शब्दांत मांडणे, ही सर्व कौशल्ये आहेत आणि ती सर्वांना एकाच वयात साधत नाहीत. म्हणून मोठ्या माणसाने मुलाबरोबर बसून अडचण कोठे आहे ते विचारावे आणि दोघांनी मिळून तोड काढावी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक तुलनेत ही पद्धत आणि प्रचलित पालक-प्रशिक्षण यांचा गुण साधारण सारखाच दिसून आला. एक पद्धत आज्ञा सुधारते, दुसरी आज्ञेऐवजी प्रश्न विचारते. परंतु दोन्ही पद्धती मुलाच्या समोरील माणसाला बदलावयास सांगतात, एवढे साम्य आपल्या प्रतिपादनास पुरेसे आहे.

६

अवज्ञेचे निदान करताना सत्तेचा प्रश्न टाळता येत नाही. आज्ञा देण्याचा अधिकार एकाकडे आहे आणि न पाळण्याला विकृती म्हणण्याचा अधिकारही त्याच्याच बाजूला आहे, अशी स्थिती इतिहासात पूर्वी येऊन गेली आहे. अमेरिकेतील सॅम्युएल कार्टराइट नावाच्या वैद्याने १८५१ साली मालकापासून पळून जाणाऱ्या गुलामांना ‘ड्रॅपटोमेनिया’ नावाचा आजार असतो असे गंभीरपणे प्रतिपादिले होते. आजच्या बालमनोवैद्यकाची तुलना त्या वैद्याशी करणे सर्वस्वी अन्यायाचे होईल. पण अमेरिकेतच अनेक अभ्यासांत असे आढळले आहे की, कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला अवज्ञेची व वर्तनदोषाची निदाने अधिक येतात, आणि अवधान-न्यूनतेचे, म्हणजे जेथे मदत अधिक व दोषारोप कमी असतो असे निदान तुलनेने कमी येते. सारखाच उपद्रव, पण एका मुलाला ‘चंचल’ म्हणावयाचे आणि दुसऱ्याला ‘अवज्ञाकारी’. शब्दाची निवड येथे मुलाच्या वर्तनावरून होत नाही.

आपल्या भाषेकडे वळल्यास हीच गोष्ट अधिक घरगुती रूपात दिसते. खोडकर, व्रात्य, द्वाड, वांड, उनाड, हेकट, आडमुठा, उद्धट, उर्मट, अशी शब्दांची केवढी मोठी रांग मराठीने मुलांसाठी तयार ठेवली आहे! हे शब्द समानार्थी नाहीत. ‘खोडकर’ आणि ‘द्वाड’ यांत रागाबरोबर कौतुक असते. ‘उद्धट’ आणि ‘उर्मट’ यांत ते नसते. सधन घरातील मुलगा पुष्कळदा ‘खोडकर’ ठरतो आणि तेच करणारा वस्तीतील मुलगा ‘उनाड’ किंवा ‘वांड’. मुलीच्या वाट्याला तर कौतुकाचा शब्द क्वचितच येतो. ती उलट बोलली की ‘आगाऊ’ किंवा ‘तोंडाळ’ होते. याउलट जी मुलगी उलट न बोलता आतल्या आत धुमसते, ती ‘शहाणी’ ठरते आणि कोणाच्याच मोजणीत येत नाही. शिक्षक दवाखान्याचा अर्ज भरतो तेव्हा आठ लक्षणांचे भाषांतर तो मनातल्या मनात याच शब्दांत करीत असतो. व्याख्या परदेशी असली तरी तिचे माप असे देशी होऊन जाते.

परंपरेने राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट अशी त्रयी सांगितली आहे. राजाचा हट्ट पुरवावा लागतो तो त्याच्या हाती दंड असतो म्हणून. उरलेल्या दोघांच्या हाती हट्टाखेरीज दुसरे साधन नसते. पहिल्याच्या हट्टाला आपण धोरण म्हणतो आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या हट्टाला स्वभाव. बालकाचा हट्ट हे दुर्बळाचे साधन आहे, एवढे जरी या त्रयीतून उचलले, तरी निदान करणाऱ्याची नजर पुष्कळ निवळेल.

७

बालविकासाच्या अभ्यासाने नकाराला पूर्वीच मान दिलेला आहे. रेने स्पिट्झ यांनी १९५७ च्या ‘नो अँड येस’ या ग्रंथात, मूल मान हलवून ‘नाही’ म्हणू लागते ती त्याच्या मानसिक वाढीतील मोठी पायरी मानली. त्या नकारात ‘मी’ आणि ‘तू’ हे भेद प्रथम स्पष्ट होतात. एरिक एरिक्सन यांनीही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच्या धडपडीचे वर्णन स्वायत्तता आणि लज्जा यांमधील झगडा असे केले. ज्या मुलाने कधीच ‘नाही’ म्हटले नाही, त्याची चिंता खरे तर अधिक वाटावयास हवी.

नकार वाचण्याची ही कला आपल्याकडील शिक्षणविचारालाही अपरिचित नाही. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या कार्यात तारा‍बाई मोडकांबरोबर असलेले गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हे गुजराती पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचावे. त्यातील प्रयोगशील शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यावयास जातो आणि मुले तो उधळून लावतात. शिक्षक मुलांची नावे कोणत्याही वहीत लिहीत नाही. आपलाच बेत चुकला असे समजून तो दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगावयास घेतो, आणि तीच मुले तल्लीन होतात. वर्गाचा दंगा त्याने लक्षण म्हणून न वाचता उत्तर म्हणून वाचला.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील पोहण्याचा प्रसंग याहून अवघड आहे, कारण तेथे आई मुलाला मारते. पोहावयास जाण्याचे टाळण्यासाठी श्याम लपून बसतो. बाहेरून टिपण करणाऱ्याला तेथे आज्ञाभंग आणि शिक्षा एवढेच दिसले असते. आपणांस श्यामची पाण्याची भीती दिसते, कारण हकीकत सांगणारा स्वतः श्याम आहे. त्या मारावर आज कोणी शिक्कामोर्तब करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी घातली आहे, आणि मारामुळे जबरीचे चक्र बळावते हे आपण वर पाहिले. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, अवज्ञेमागे भीती होती हे मुलाने सांगितल्याखेरीज कळत नाही, आणि आपल्या निदानपत्रकात मुलाने सांगावयाची जागाच अरुंद आहे.

८

या विवेचनातून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कामासाठी काही व्यावहारिक गोष्टी निघतात. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि समाजकार्य या विभागांत मुलांची वृत्तान्ते लिहिली जातात, आणि त्यांत ‘मूल आज्ञा पाळत नाही’, ‘उलट उत्तरे देते’ अशी वाक्ये नित्य आढळतात. असे प्रत्येक वाक्य अपुरे मानावे. आज्ञा कोणी, कोणत्या शब्दांत आणि कितव्यांदा दिली. मुलाने नेमके काय केले. त्यानंतर कोण नमले आणि कोणाला काय मिळाले, हे तीन भाग लिहिले म्हणजे वाक्य पुरे होते. त्यात चौथा भाग मुलाच्या शब्दांचा असावा : त्या वेळी तुला काय वाटले, असे त्याला विचारलेले आणि त्याने दिलेले उत्तर, ते ‘माहीत नाही’ असले तरीही, जसेच्या तसे.

त्याचप्रमाणे निदानापूर्वी काही साध्या शंका फिटल्या पाहिजेत. मुलाला नीट ऐकू येते काय? भाषा समजण्यात, वाचण्यात त्याला अडचण आहे काय? फळ्यावरचे न वाचता येणारे मूल ‘वाचत नाही, जा’ असे म्हणते, कारण ‘वाचता येत नाही’ असे चाळीस जणांत म्हणण्याहून ते सोपे असते. त्याची झोप पुरी होते काय? त्याला कोणी मारते किंवा भिवविते काय? अवधान-न्यूनता या विकृतीबरोबर वारंवार आढळते. ती निसटली तर तिच्यामुळे होणारी प्रत्येक चूक अवज्ञेच्या खात्यावर जमा होते. या शंका विचारून झाल्यावरही जर चिडकेपणा, विरोध आणि घरादाराची ओढाताण उरली, तर निदान अवश्य करावे, आणि मदत त्वरेने मिळवून द्यावी. ते निदान मुलाच्या नावे लिहिले गेले तरी पहिली सूचना त्याच्या घराला आणि शाळेला उद्देशून लिहावी.

व्याख्येची पुढील आवृत्ती करणारे आपल्या विभागात बसलेले नाहीत. तिच्यातील वाक्ये आपण बदलू शकत नाही. परंतु तिचे वाचन आपल्या हाती आहे. ज्या वाक्यात केवळ मूल आहे, त्यात दुसरा माणूस कोण होता हे शोधण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली, तर त्यांच्या हातून लिहिल्या जाणाऱ्या वृत्तान्तांत ‘उद्धट’ हा शब्द कमी येईल आणि त्या मुलाविषयी माहिती अधिक येईल.